मदत हवी आहे: डॅन्यूब क्रूझ आणि ख्रिसमस मार्केट्स, सोमवारपर्यंत पैसे भरायचेत

इंद्रायणीकाठ:
लोकहो, जरा घाईत लिहितेय. यंदा युरोपातली ख्रिसमस मार्केट्स बघायची असं ठरलंय, रिव्हर क्रूझने. जर्मनीतल्या पासाउहून निघून व्हिएन्ना, बुडापेस्ट करून परत पासाउ, ७ रात्री. एजंटने केबिन सोमवारपर्यंत होल्ड करून ठेवलीय, त्यानंतर रेट वाढेल म्हणतोय. मला दोनच गोष्टी सांगा. सगळ्यात खालच्या डेकची केबिन घेतली तर चालेल का, कारण फरक बराच पडतोय, आणि डॅन्यूबऐवजी ऱ्हाइन जास्त चांगली का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच लिहा प्लीज, ऐकीव नको.

म्युनिककर:
तारखा काय आहेत? किती जण? वयं काय? हे सांगितल्याशिवाय केबिनचं काही सांगता येणार नाही.

सह्यकडा:
क्रूझच्या भानगडीतच पडू नका. आम्ही न्यूर्नबर्गला पाच रात्री खोली घेतली आणि रोज रेल्वेने फिरलो. बायर्न तिकीट म्हणून मिळतं, एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर, बव्हेरियातल्या सगळ्या लोकल-रिजनल गाड्यांना चालतं आणि साल्झबर्गपर्यंतही जाता येतं. सोमवार ते शुक्रवार मात्र सकाळी ९ नंतरच चालतं. रेगेन्सबर्ग एका तासावर. क्रूझच्या निम्म्याहून कमी पैशात झालं आमचं. आणि मार्केटची खरी मजा संध्याकाळी दिवे लागल्यावर, तेव्हाच नेमकं बोटीवर जेवायला बोलावतात.

इंद्रायणीकाठ:
सह्यकडा, रेल्वे नाही जमणार, बरोबर सासूबाई आहेत, बॅगा घेऊन गाड्या बदलणं शक्य नाही. म्हणूनच तर क्रूझ. आम्ही दोघं, सासूबाई वय ७२, मुलगी ११ वर्षांची. तारखा अर्थात ख्रिसमसच्याच, डिसेंबर. आता प्लीज केबिनचं सांगा.

चैत्रपालवी:
शाकाहारी आहात का? तेच आधी बघा. बोटीवर एक सूप, सॅलड आणि पास्ता असतो, तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. पिठल्याचं पाकीट आणि मेतकूट न्या. मार्केटमध्ये बटाट्याचे पॅनकेक मिळतात, सफरचंदाच्या सॉसबरोबर, त्यात अंडं असतं. अंडं चालतं का तुम्हाला?

म्युनिककर:
‘अर्थात ख्रिसमसच्याच’ म्हणजे कोणत्या तारखेला बोट सुटतेय? हे मी उगाच विचारत नाहीये. आणि दुसरं, मुलगी ११ ची आहे हे एजंटला सांगितलंय ना? वायकिंगसारख्या कंपन्या १८ च्या खालच्यांना घेतच नाहीत. क्रॉइझीयुरोपसारख्या काही घेतात.

उत्तररात्र:
मी म्हणेन मार्केट वगैरे राहू द्या, त्याच पैशात नॉर्वेत ट्रॉम्सोला जाऊन नॉर्दर्न लाइट्स बघा. आम्ही जानेवारीत गेलो होतो, चार रात्रींपैकी दोन रात्री दिसले. आयुष्यात विसरणार नाही.

इंद्रायणीकाठ:
मुलीचं वय सांगितलंय, तिचं तिकीट त्यात धरलेलं आहे. बोट २३ डिसेंबरला सुटते, ३० ला परत. शाळेची सुट्टी २४ पासून आहे, दोनच दिवस बुडतील. नॉर्दर्न लाइट्स नकोत, विषय तो नाही. सासूबाई तीस वर्षं मिशनच्या शाळेत शिकवायच्या, दर डिसेंबरला वर्गात गव्हाणीचा, म्हणजे येशूजन्माचा देखावा मुलांकडून करून घ्यायच्या. त्यांना ते सगळं तिकडचं एकदा बघायचंय. आणि अंडं चालतं.

म्युनिककर:
थांबा. सोमवारी पैसे भरू नका.

मी याच भीतीने तारीख विचारत होतो. आपल्याला वाटतं ख्रिसमस मार्केट म्हणजे ख्रिसमसला. इकडे तसं नाहीये, हा ख्रिसमसच्या आधीच्या चार आठवड्यांचा, ॲडव्हेंटचा बाजार आहे. न्यूर्नबर्गचा ॲडव्हेंटच्या पहिल्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी उघडतो, म्हणजे यंदा २७ नोव्हेंबरला, आणि २४ डिसेंबरला बंद. कोलोनला कॅथेड्रलसमोरचा २३ लाच संपतो. पासाउचा कॅथेड्रलच्या चौकातला पण २३ ला संपतो, म्हणजे तुम्ही बोटीवर चढाल त्याच दिवशी. २४ ला दुपारी जर्मनी-ऑस्ट्रियात दुकानं बंद होतात, २५ आणि २६ दोन्ही दिवस सुट्टी. लोक घरात असतात, रस्ते रिकामे.

एजंटने तुम्हाला ‘ख्रिसमस क्रूझ’ विकलीय, ‘ख्रिसमस मार्केट क्रूझ’ नाही. दोन्ही वेगळ्या असतात. पहिलीत बोटीवर झाड, मोठं जेवण, गाणी. ब्रोशर परत बघा.

घाटमाथा७१:
इतकं घाबरवू नका हो त्यांना. आम्ही दोघं नवरा-बायको बरोबर ख्रिसमसच्या आठवड्यातच व्हिएन्ना-बुडापेस्टला होतो. व्हिएन्नाचा राटहाउस म्हणजे टाउन हॉलसमोरचा बाजार २६ पर्यंत असतो, शॉनब्रुन राजवाड्यासमोरचा तर जानेवारीत जातो. बुडापेस्टला बॅसिलिकासमोरचा आणि व्होरोश्मार्टी चौकातला ३१ पर्यंत चालू. आणि २४ च्या रात्री व्हिएन्नाच्या स्टेफान्सडोम कॅथेड्रलमध्ये मिस्साला (ख्रिसमसच्या प्रार्थनेला) बसलो होतो तो अनुभव कुठल्याही बाजारापेक्षा मोठा आहे. ज्या बाईंनी आयुष्यभर गव्हाणी मांडली त्यांना तर हे जास्त आवडेल.

म्युनिककर:
काका, तुमचं खरं आहे, पण त्यांनी मिस्सा विचारलेला नाही, मार्केट्स विचारलीत. पासाउपासून ऑस्ट्रियातल्या मेल्कपर्यंत त्यांना बंद लाकडी टपऱ्या दिसतील. आणि बुडापेस्टला २४ ला दुपारनंतर ट्राम-बस हळूहळू बंद होतात, हे पण लक्षात ठेवायला लागतं.

घाटमाथा७१:
त्यांची बोट २४ ला बुडापेस्टला नसेलच, २६-२७ ला पोचेल. नकाशा बघून बोला.

म्युनिककर:
बरोबर आहे, तो मुद्दा मागे घेतो. बाकीचा घेत नाही.

सदाफुली_ठाणे:
मी २०२४ ला आईवडिलांना घेऊन याच मार्गाने गेले होते, म्हणून मूळ प्रश्नाचं उत्तर देते, जे अजून कोणीच दिलं नाहीये. खालचा डेक तुमच्या दोघांसाठी चालेल. खिडकी वर छताजवळ असते, उघडत नाही, पाणी अगदी डोळ्यांसमोर. इंजिनाच्या बाजूची म्हणजे मागची केबिन असेल तर रात्री आवाज येतो. पण सासूबाईंना तिथे ठेवू नका. आमच्या बोटीची लिफ्ट सगळ्यात खालच्या डेकपर्यंत जातच नव्हती. आईला दिवसातून सहा वेळा जिना.

आणि अजून एक, जे एजंट सांगत नाहीत. डिसेंबरमध्ये गर्दी असते त्यामुळे धक्क्यावर बोटी एकमेकींना शेजारी शेजारी बांधतात, दोन, कधी तीन. किनाऱ्यावर जायचं तर शेजारच्या बोटीतून जायचं, आणि लॉबी समोरासमोर आली नाही तर वर सन डेकवर चढून पलीकडे उतरायचं. थंडीत ओल्या पायऱ्या. बाबांनी दोनदा नको म्हटलं आणि खोलीत बसले, मला अजून वाईट वाटतं. गुडघे कसे आहेत सासूबाईंचे?

इंद्रायणीकाठ:
गुडघे म्हणजे, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय दोन वर्षांपूर्वी. चालतात व्यवस्थित, रोज बागेत जातात. जिना एकेक पायरी करून.

सदाफुली_ठाणे:
अहो हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं! मग मधला डेक, लिफ्टजवळ, आणि एजंटकडून कंपनीला लेखी कळवा. व्हिएन्नाला बोट राइख्सब्रुके पुलाजवळ लागते, तिथून यू-१ मेट्रोने थेट स्टेफान्सप्लात्झ, लिफ्ट आहे, त्रास नाही. मेल्क मठ उंचावर आहे, बस वरच्या पार्किंगपर्यंत जाते. सगळीकडे दगडी फरशी, गोट्यांची, त्यामुळे काठी आणि रबरी सोलचे बूट. फोल्डिंग स्टूल न्या, मार्केटमध्ये बसायला काही नसतं, सगळे उंच टेबलाशी उभे राहून खातात-पितात.

पाणवठा:
नदीच्या पाण्याबद्दल कोणी बोललं नाही. मी जलसंपदा खात्यात होतो म्हणून जास्त लक्ष गेलं. पाणी कमी झालं तर बोट अडकते, जास्त झालं तर पुलाखालून जात नाही. मग बसने पुढे नेतात किंवा दुसऱ्या बोटीवर चढवतात. वरच्या डॅन्यूबवर स्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन या जवळपास ७० किलोमीटरच्या पट्ट्यात एकही बांध नाही, नदी मोकळी वाहते, त्यामुळे अडचण बहुतेक वेळा तिथेच होते. तुमची बोट पासाउहून सुटतेय, ते त्याच्या खाली आहे. म्हणजे न्यूर्नबर्ग किंवा रेगेन्सबर्गहून सुटणाऱ्यांपेक्षा तुमची निवड चांगली. पुढे वाखाउ दरीत आणि व्हिएन्नाच्या पूर्वेला पुन्हा मोकळा पट्टा आहे, पण त्रास त्यामानाने कमी. ऱ्हाइनला काउबजवळ हाच प्रश्न. जमलं तर रात्री लॉकमधून (बोट आत घेऊन पाण्याची पातळी वरखाली करतात तो दरवाजांचा कप्पा) जाताना जागे राहा. तुमच्या मार्गावरची लॉक्स २४ मीटर रुंद आहेत, पण मायन-डॅन्यूब कालव्यात बोट ११.४ मीटर रुंद आणि लॉक १२ मीटरचं, बाजूची भिंत हाताला लागते. ९२ साली मायन-डॅन्यूब कालवा झाला म्हणून उत्तर समुद्र ते काळा समुद्र बोट जाते. १७१ किलोमीटर, १६ लॉक्स. समुद्रसपाटीपासून ४०६ मीटर उंचीवर बोट चढवतात! आपल्याकडे असं काही...

सह्यकडा:
अवांतर होतंय. परत सांगतो, गुडघ्याचं ऑपरेशन असेल तर एका हॉटेलात राहून फिरणंच बरं. बोटी ओलांडायला नकोत.

सदाफुली_ठाणे:
आणि रोज दोन गाड्या, प्लॅटफॉर्म, गर्दी? ते गुडघ्याला चालतं? बोटीत खोली बरोबर फिरते, दमलं की परत येऊन पडता येतं. मला बोट वाईट म्हणायची नव्हती.

घरकोंबडा_नाशिक:
व्हिसा काढला का? पहिल्यांदा जिथे उतरणार त्या देशाचा काढायचा. जर्मनी.

म्युनिककर:
नाही. जिथे जास्त रात्री त्या देशाचा. समान झाल्या तरच पहिला देश. बोट ऑस्ट्रियात जास्त दिवस आहे, म्हणून ऑस्ट्रिया होईल, पण आधी न्यूर्नबर्गला तीन-चार रात्री घातल्या तर गणित बदलून जर्मनी होईल, म्हणून आधी रात्री मोजा. अर्ज सहा महिने आधी करता येतो. मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५. विमा किमान ३० हजार युरोचा, आणि सासूबाईंच्या गुडघ्याचं त्यात लिहून घ्या.

चैत्रपालवी:
कपड्यांचं कोणी बोललं नाही. शून्य ते पाच डिग्री, चारला अंधार. थर्मल दोन जोड. आणि मुलीला किंडरपुन्श द्या, त्यात दारू नसते, ग्लुवाइनसारखाच (ती गरम वाइन) गरम मसाल्याचा असतो. कपाचं डिपॉझिट घेतात, कप परत दिला की पैसे परत, नाहीतर आठवण म्हणून ठेवा. दर गावचा कप वेगळा, आमच्या शोकेसमध्ये सात आहेत. बुडापेस्टला लांगोश खा, तळलेली मोठी भाकरीसारखी, वर चीज आणि आंबट साय, फक्त तेलात तळतात ना विचारा. जर्मनीत ‘ओने श्पेक’, म्हणजे श्पेकशिवाय, असं म्हणायला शिका, श्पेक म्हणजे डुकराचं खारवलेलं चरबीचं मांस, ते बटाट्यात सुद्धा घालतात. हंगेरीत फोरिंट चालतो, युरो दिले तर भाव वाईट लावतात.

इंद्रायणीकाठ:
सगळ्यांचं वाचलं. काल रात्री झोप लागली नाही खरं सांगायचं तर. एजंटला फोन केला, विचारलं मार्केट्स चालू असतील का, तो म्हणाला मॅडम ख्रिसमसला नाही तर कधी असणार. मी त्याला पासाउची तारीख सांगितली तर म्हणाला बघून सांगतो. दोन तासांनी फोन, हो, बंद असतील.

आता १२ डिसेंबरच्या बोटीत जागा आहे, शनिवार ते शनिवार, तीच बोट, तोच मार्ग. मधल्या डेकला एकच केबिन शिल्लक, लिफ्टपासून तिसरी, आणि एक खालच्या डेकला. आज शाळेत जाऊन आले. वर्गशिक्षिका म्हणाल्या युनिट टेस्ट आहे १५ ते १८, पण आधी घेता येईल, अर्ज द्या. मुलगी सासूबाईंबरोबर मधल्या डेकला, आम्ही दोघं खाली. बरोबर ना?

सदाफुली_ठाणे:
अगदी बरोबर. आणि मागची केबिन नको एवढं खालच्यासाठी सांगा. बोटी शेजारी बांधल्या असतील त्या दिवसाचं पर्सरला (बोटीवरचा व्यवस्थापक) आदल्या रात्रीच विचारून ठेवा, सकाळी घाई होत नाही.

म्युनिककर:
उत्तम. १२ च्या आधी तीन दिवस मिळत असतील तर ९ ला येऊन न्यूर्नबर्गला राहा, तिथून पासाउला रेल्वेने जाता येतं, त्या दिवशी थेट गाडी आहे का ते आधी तपासा. बुधवार-गुरुवार गाठा, शनिवारी हलायला जागा नसते. हान्स-साक्स-प्लात्झवर लहान मुलांचा वेगळा बाजार असतो, दुमजली मेरी-गो-राउंड आहे, मुलीला आवडेल. सासूबाईंना सुक्या आलुबुखाराची बाहुली घेऊन द्या, त्स्वेचगेमेनले म्हणतात तिला, तिथलीच खासियत आहे. आणि गव्हाणीसाठी लाकडी मूर्ती हव्या असतील तर तिथेच घ्या, बोटीवरच्या दुकानात नको.

घाटमाथा७१:
२४ चा मिस्सा मात्र हुकला. असो. त्यांना मुंबईला परतल्यावर माहीमच्या चर्चमध्ये न्या.

इंद्रायणीकाठ:
काका, आम्ही पुण्याचे, पण नेईन. ९ ला निघायचं म्हणजे अजून तीन दिवस शाळा बुडणार, ते आज रात्री घरी बोलते. म्युनिककर, न्यूर्नबर्गच्या तीन रात्री धरल्या तरी व्हिसा ऑस्ट्रियाचाच ना?

म्युनिककर:
बोटीचा दिवसवार कार्यक्रम इथे टाका, रात्री मोजून सांगतो.