मदत हवी आहे : एकाच दुकानाशी बांधलेला स्वस्त टॅब घ्यावा का?

सायंतारा : आठ इंची टॅब निम्म्या किमतीत मिळतोय, सवलत आज रात्री संपतेय. घेऊ की नको? पटकन सांगा प्लीज.

जुना_वाचक : कुठला टॅब? कोणासाठी? त्यावर करायचं काय?

सायंतारा : अ‍ॅमेझॉनचा फायर एचडी ८. आईसाठी.

पानगळ : वाचायला असेल तर ई-इंकचा, म्हणजे कागदासारख्या पडद्याचा, पुस्तकं वाचायचा किंडलच घ्या. माझे सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर छापील पुस्तक धरेनात. आता अक्षर एवढं मोठं करतात की पानावर जेमतेम दहा ओळी मावतात, पण रोज दोन तास वाचतात. चार्जिंगही आठवडे पुरतं.

जुना_वाचक : पानगळ, सायंतारा टॅबचं विचारताहेत.
सायंतारा, फायरमध्ये मुळात अँड्रॉइडच आहे, पण अ‍ॅमेझॉनने स्वतःसाठी बदलून घेतलेलं. गूगल प्ले येत नाही, अ‍ॅप्स त्यांच्याच अ‍ॅपस्टोअरमधून घ्यायची. पहिला फायर (तेव्हा नाव किंडल फायर) २०११ मध्ये १९९ डॉलरला आला, तेव्हापासून गणित हेच : कमाई टॅबवर नाही, पुढच्या पुस्तकं-सिनेमे-खरेदीवर. लॉकस्क्रीनवरच्या जाहिराती त्यातूनच आल्या. ते चालणार असेल तर यंत्र वाईट नाही.

कडेकपारी : प्ले स्टोअर बाहेरून टाकता येतं हो! चार एपीके फायली (अ‍ॅप बसवायच्या फायली), ठरलेल्या क्रमाने. अर्ध्या तासाचं काम. माझा दोन वर्षं मस्त चालतोय.

जुना_वाचक : तुम्हाला जमतं. उद्या काही अडलं तर त्यांच्या आईने कोणाकडे जायचं?

कडेकपारी : एकदा नीट बसलं की अडत नाही. उगाच घाबरवू नका.

निवडुंग : दुकानाचा टॅब म्हणजे वाईटच असं नाही. ब्रिटनमध्ये टेस्को या सुपरमार्केटने २०१३ मध्ये ११९ पौंडांना हडल नावाचा टॅब काढला होता. त्यावर गूगल प्ले होतं, म्हणून तो साध्या अँड्रॉइड टॅबसारखा वापरता यायचा. २०१५ मध्ये त्यांनी तो बंद केला. टॅब दुकानाचा आहे यापेक्षा अ‍ॅप्सचं दार कोणाच्या हातात आहे ते बघा.

सायंतारा : अहो, पण घेऊ का? तिला फक्त व्हिडिओ कॉल करायचेत आणि नातवाचे फोटो बघायचेत. फोटो गूगल फोटोजमध्ये आहेत.

जुना_वाचक : ताई, हे आधी सांगायचंत ना! फोटो ब्राउझरमध्ये दिसतील, पण दर वेळी पत्ता उघडून बघणं आईला झेपेल का? आणि कॉल कुठल्या अ‍ॅपवर करता? अ‍ॅमेझॉनच्या साइटवर अ‍ॅपस्टोअर उघडून त्याचं नाव शोधा. पैसे भरण्याआधी.

सायंतारा : शोधलं. आम्ही वापरतो ते अ‍ॅप तिथे नाहीये. आणि आईला नवीन अ‍ॅप शिकवायला मी तिच्याजवळ नसते. नाही घेत. प्ले स्टोअरवाला साधा टॅब बघते, थोडे जास्त गेले तरी चालतील.

पानगळ : कुठलाही घ्या, सोबत उभं राहणारं कव्हर घ्या. हातात धरून कॉल केला की नातवाला आजीचं कपाळच दिसतं.