शब्दचर्चा : द्रावणातली साखळी 'कोसळते' का?

टाकसाळ : बहुवारिकाची (पॉलिमरची) लांब साखळी चांगल्या विद्रावकात ऐसपैस पसरलेली असते. विद्रावकाशी तिचं बिनसलं की ती स्वतःतच गोळा होते. इंग्रजीत याला 'कोलॅप्स' म्हणतात आणि भाषांतरात 'कोसळणे' येतं. मला ते खटकतं. दुसरा शब्द सुचवा.

उंबर : खटकायलाच हवं. दरड कोसळते, भिंत कोसळते, बाजार कोसळतो. सगळं वरून खाली. इथे खाली काहीच जात नाही. 'साखळी कोसळते' वाचलेला विद्यार्थी परीक्षानळीच्या तळाशी साका शोधत बसेल. 'आक्रसणे' घ्या.

खलबत्ता : मग सरळ 'आकुंचन' का नको? शाळेपासून ओळखीचा शब्द आहे.

उंबर : थंड झालेला रूळ आकुंचन पावतो, पण रूळच राहतो. साखळीचं तसं नाही. १०,००० दुव्यांची साखळी धरा आणि सैद्धांतिक सूत्रांतले गुणक सोडून द्या. चांगल्या विद्रावकात त्रिज्या दुव्यांच्या संख्येच्या ०.५८८ घाताने वाढते, म्हणजे सुमारे २२५ एकक. थीटा तापमानाला, म्हणजे दुव्यांमधली ओढ आणि ढकल जिथे तुल्यबळ होतात तिथे, घात १/२, म्हणजे १००. गोळा झाल्यावर घात १/३, म्हणजे जेमतेम २२. त्रिज्या दहापटीने घटली की घनफळ हजारावा भाग उरतं. याला नुसतं आकुंचन म्हणणं फार सौम्य झालं.

डोंगरवाट : क्रियापद 'आक्रसणे' मान्य. पण त्याआधी एक घोळ निस्तरायला हवा, कारण दोन वेगळ्या घटनांना एकच शब्द लावला जातोय.

पीनायपॅम (PNIPAM) या पाण्यात विरघळणाऱ्या बहुवारिकाचं मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असं पाण्यातलं द्रावण घ्या आणि तापवा. साधारण ३२ अंशांना ते दुधासारखं पांढरं होतं. बरेच जण यालाच साखळीचं आक्रसणं समजतात. प्रत्यक्षात आक्रसू लागलेल्या असंख्य साखळ्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. लिंबू पिळल्यावर दूध फाटतं ना, त्या जातीची घटना. तिला 'साकळणे' म्हणा, रक्त साकळतं तसं.

एकटी साखळी आक्रसताना पाहायची तर मिलिलिटरला एखादा मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी घ्यावं लागतं. साखळ्या खूप लांब हव्यात आणि लांबी जवळपास सारखी हवी, कारण मापन लेझरचा प्रकाश किती विखुरतो यावरून होतं आणि आखूड साखळ्या तो पुरेसा विखुरत नाहीत. द्रावण बारीक गाळणीतून गाळून घ्या, नाहीतर धुळीचा एक कण सगळं मापन खातो. तापमान अंशाच्या दशांशाने वाढवा आणि दर टप्प्यावर थांबा. मग दोन त्रिज्यांचं गुणोत्तर बघा : वस्तुमानाच्या वाटणीवरून येणारी भागिले वाहताना जाणवणारी. पसरलेल्या साखळीला ते १.५ च्या आसपास असतं, भरीव गोळ्याला ०.७७. गुणोत्तर उतरलं पण मोजलेलं वस्तुमान वाढलं, तर साखळ्या साकळल्या. वस्तुमान तेच राहिलं, तर आक्रसली.

खलबत्ता : थंडीने आक्रसणं समजतं. हे उकाड्याने कसं?

डोंगरवाट : दोन्ही होतं. सायक्लोहेक्झेनमधलं पॉलिस्टायरीन ३४.५ अंशांच्या खाली गेलं की आक्रसतं. पीनायपॅमच्या तेलकट गटांभोवती मात्र पाण्याचे रेणू शिस्तीत उभे असतात. तापवल्यावर ते मोकळे सुटतात, तेलकट भाग एकमेकांना धरतात. 'आक्रसणे' कारणाबद्दल काही बोलत नाही, म्हणूनच दोन्हीकडे चालतं.

टाकसाळ : आणि आक्रसून जे उरतं त्याला? 'गोळा' फारच मोघम आहे.

उंबर : मुटकुळं. अंगाचं मुटकुळं करून झोपतात, तेव्हा हातपाय तेच असतात, बाहेर उघडं पडणारं अंग कमी होतं. अगदी हेच घडतं. शिवाय मुटकुळं सोडून अंग पसरता येतं. विद्रावक परत मानवला की साखळीही पसरते.

डोंगरवाट : झकास. फक्त मधल्या टप्प्यांना निराळे शब्द ठेवा. आधी साखळीवर जागोजाग बारीक मणी धरतात, मधला धागा ताणलेला. मोठे मणी लहानांना गिळतात आणि शेवटी एकच मुटकुळं उरतं. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ द जेन यांनी १९८५ मध्ये मण्यांऐवजी जाड होत जाणाऱ्या सॉसेजचं चित्र मांडलं होतं; आपण त्याला वळकटी म्हणू. मुटकुळं सुरुवातीला नुसतं चुरगळलेलं असतं, आतली साखळी स्वतःत ओवली गेलेली नसते. नंतर टोकं सरपटत आत शिरतात आणि ते गुंततं. हा टप्पा सगळ्यात संथ. म्हणून मण्यांना 'गाठी' म्हणू नका, खऱ्या गाठी इथे, शेवटी पडतात.

टाकसाळ : मग वाक्य असं : 'तापमान वाढताच साखळी आक्रसली, मुटकुळंची त्रिज्या स्थिरावायला वेळ लागला.'

उंबर : 'मुटकुळ्याची'. डोकं–डोक्याची, तसं.