नळी लवकर काढली म्हणून काळजी नसावी

रावेरच्या सदस्यांनी वर विचारले आहे की, मांडीच्या मोडलेल्या हाडावर जळगावात शस्त्रक्रिया झाल्यानंतर त्यांच्या भावाच्या जखमेतील नळी दुसऱ्याच दिवशी काढली, ती घाई तर नव्हे? माझ्या मते नव्हे. जखमेच्या पोकळीत साचलेले रक्त टाक्यांवर ताण आणते आणि जंतूंना पोसते, म्हणून नळीला जोडलेल्या, हवा काढून दाबून ठेवलेल्या बाटलीच्या ओढीने ते बाहेर काढले जाते. मात्र तीच नळी अधिक काळ राहिल्यास जंतूंना आत शिरण्याची वाट ठरू शकते, त्यामुळे हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर ती बहुधा २४ ते ४८ तासांत काढतात. शिवाय, हाडांच्या नेहमीच्या शस्त्रक्रियांत सरसकट नळी ठेवल्याने जंतुसंसर्ग कमी होतो असे अभ्यासांतून स्पष्टपणे दिसलेले नाही, उलट रक्त चढवण्याची गरज वाढलेली आढळली आहे. चिरडलेल्या किंवा मातीने माखलेल्या जखमेचा निर्णय अर्थातच वेगळा असतो.

धडगाव-अक्कलकुव्याकडे नळीसह घरी जाणाऱ्या रुग्णांसाठी एक सांगणे महत्त्वाचे वाटते. बसमध्ये बाटली वरच्या फळीवर ठेवू नये, ती जखमेच्या पातळीखालीच असावी आणि नळीला पीळ पडू देऊ नये. दर २४ तासांत बाटलीत जमलेल्या स्रावाचे माप वहीत लिहावे. लाल स्राव हळूहळू फिकट होत जाणे अपेक्षित आहे. तो अचानक ताज्या रक्तासारखा वाढला, त्याला दुर्गंधी आली, ताप चढला किंवा स्राव एकाएकी थांबून जखम फुगू लागली, तर पुढील तपासणीच्या तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे.