क्रीक म्हणजे खाडी, मग कोव्ह म्हणजे काय?

सध्या जुन्या रोमान्स कादंबऱ्यांचं वेड लागलंय, त्यातही समुद्रकाठच्या. डॅफ्नी ड्यु मॉरिएची 'फ्रेंचमन्स क्रीक' (१९४१) चालू आहे. लंडनच्या दरबारी आयुष्याला विटलेली डोना पोरांना घेऊन कॉर्नवॉलच्या घरी येते आणि तिथे हेलफर्ड नदीच्या एका फाट्यात फ्रेंच चाचा जहाज लपवून बसलेला. आईला गोष्ट मराठीत सांगायला घेतली आणि तिथेच अडले, क्रीकला खाडी म्हटलं की तिच्या डोळ्यासमोर ठाण्याची खाडी, लोकलच्या दारात नाकाला रुमाल, रोमान्सचा पार बट्ट्याबोळ! आणि कोव्ह, टाइड यांना काय म्हणायचं?

---

अहो ताई, खाडीच म्हणा, त्यात बिचाऱ्या खाडीचा काय दोष. भरतीला समुद्राचं पाणी आत घुसतं आणि ओहोटीला चिखल उघडा टाकून जातं ती खाडी, हेलफर्ड तेच करते. दाभोळची नाहीतर जयगडची खाडी दाखवा आईंना. फक्त तिकडे तिवरं नाहीत, ओकची झाडं थेट पाण्यापर्यंत उतरलेली, म्हणून तर जहाज लपतं. हिंदीच्या नादानं हल्ली 'बंगालची खाडी' लिहितात ते मात्र डोक्यात जातं, तो उपसागर आहे.

---

कोव्हला उपखाडी चालेल?

---

नको हो, पाटबंधारे खात्याचा कागद वाचल्यासारखं वाटतं. कोव्ह म्हणजे दोन्हीकडून खडकांनी कवेत घेतलेला किनाऱ्याचा तुकडा. वाळू असेल तर आमच्याकडे पुळण म्हणतात. ड्यु मॉरिएच्याच 'रेबेका'त (१९३८) घराखालच्या कोव्हमध्ये ते एकटं कॉटेज आहे ना, तिथे 'खडकाआडची पुळण' म्हटलं तरी भागतं, एकाच शब्दाचा हट्ट कशाला. बीचची सरसकट चौपाटी करू नका बाकी, भेळ आठवते.

टाइडला तर एक शब्द शोधूच नका. पाणी चढतंय की उतरतंय ते आधी बघा, भरती की ओहोटी (मालवणीत सुकती). शिवाय अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती आणि अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी. प्रेमाला उधाण सगळेच आणतात, भांग कुणाला आठवत नाही, म्हणजे होळीची सोडून. आणि मला विचाराल तर या कादंबऱ्यांची खरी गंमत इथेच आहे, शहरातल्या रोमान्समध्ये ताटातूट व्हायला कुणीतरी पत्र लपवावं लागतं, इथे वारा आणि पाणीच थांबू देत नाही. फॉवीच्या बंदरातून (उच्चार 'फॉय') फिलिप रॅशलीचं जहाज पळवायचं ठरतं तेव्हा बघा कसं सगळं वाऱ्यापाण्यावर अडलेलं असतं. तेव्हा आईंना सांगताना 'तो निघाला' एवढंच नको, 'ओहोटी लागली तसा निघाला' म्हणा, कोकणातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही.

---

वा, मस्त. आई दापोलीकडचीच आहे, पुळण म्हटल्यावर लगेच कळलं तिला. आता शेवटची अडचण, चाचा म्हटलं की ती नेहरू म्हणून हसते. समुद्री लुटारू म्हणू का?

---

लुटारू जिवावर येतं हो, बिचारा फावल्या वेळात पक्ष्यांची चित्रं काढत बसतो. अनेकवचनात घ्या, 'चाच्यांचा म्होरक्या', नेहरू आपोआप बाजूला होतील.