प्रतिसाद: छत जड करणे हा एकच उपाय नाही

केबलवर टांगलेल्या छताला खरा धोका भारापेक्षा वाऱ्याने वर उचललं जाण्याचा, हे मूळ पोस्टमध्ये म्हटलंय ते अगदी पटलं. पण म्हणून छत काँक्रीटने जडच करावं लागतं, हे तिथलं म्हणणं मात्र मान्य नाही. अमेरिकेत रॅले शहरात 1952 साली पूर्ण झालेलं डॉर्टन अरिना हे मोठं सभागृह बघा. दोन कललेल्या, एकमेकींना छेदणाऱ्या काँक्रीटच्या कमानी आणि मध्ये घोड्याच्या खोगिरासारखं छत. एका दिशेच्या केबल खाली झोळलेल्या, त्या भार घेतात. आडव्या दिशेच्या वर फुगलेल्या आणि आधीच ताणलेल्या, त्या छताला खाली धरून ठेवतात. इतकं हलकं छत जागेवर राहतं ते दोन दिशांच्या एकमेकींच्या उलट वक्रतेमुळे आणि ताणामुळे. बांधतानाची मेहनतही इथेच आहे, कारण एक केबल ताणली की शेजारच्यांचा ताण बदलतो.

याची मूळ कल्पना वास्तुविशारद मॅथ्यू नोविकी यांची. चंदीगडच्या सुरुवातीच्या आराखड्यावर काम करून परतताना 1950 मध्ये इजिप्तमध्ये विमान अपघातात ते गेले, वय जेमतेम चाळीस. पुढचं स्ट्रक्चरल काम इंजिनियर फ्रेड सेव्हरुड यांनी तडीस नेलं. चंदीगडच्या गप्पांत नोविकींचं नाव फारसं येत नाही, याचं फार वाईट वाटतं.