ठाणे, १९९१ ची इमारत: जीआयचे डाउनटेक पूर्ण बदलावेत का?

सातवा_मजला_ठाणे
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी नौपाड्यात, तळ अधिक सात, अठ्ठावीस घरं. गच्चीवरच्या टाकीतून चौकातल्या डक्टमधून बारा डाउनटेक, म्हणजे टाकीचं पाणी घराघरांत उतरवणारे उभे पाइप, खाली येतात. सगळे जीआयचे (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचे), बिल्डरने घातलेले तेच. यंदा मी कमिटीत आले आणि पाण्याचं खातं माझ्याकडे आलं.

मी स्वतः सातव्या मजल्यावर राहते. सकाळी साडेसहाला नळ सोडला की पहिली अर्धी बादली चहाच्या रंगाची येते. सासूबाई ती संडासात ओतायला बाजूला ठेवतात. मग पाणी स्वच्छ येतं, पण धार करंगळीएवढी. गेल्या महिन्यात रात्री तिसऱ्या मजल्याजवळ एक जोड फुटला आणि वॉचमनच्या लक्षात येईपर्यंत गच्चीवरची टाकी रिकामी झाली होती. त्या दिवशी कुणाच्याच घरी पाणी नव्हतं. चौथ्या मजल्यावरच्या आजी अंथरुणाला खिळलेल्या आहेत, त्यांच्या सुनेने खालून कळशीने पाणी वाहिलं. तो प्रसंग माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

प्लंबरने रबर गुंडाळून क्लॅम्प मारला. दुसऱ्या दिवशी मी चौकात उभी राहून मोजले: बारा पाइपांवर एकोणीस क्लॅम्प.

कमिटीत काहीजण म्हणतात गळेल तेवढाच तुकडा बदलू, काहीजण म्हणतात वरच्या दोन मजल्यांना प्रेशर पंप बसवा, प्रश्न मिटेल. मला सगळे पाइप बदलावेत असं वाटतं, पण पैसे लोकांचे आहेत. सभेत उभं राहायच्या आधी मला स्वतःला नीट कळायला हवं. पाइप कुठला घ्यावा? खर्च कुणाचा? आणि माणसं राहत असताना हे काम होतं तरी कसं?

नळकाम_कल्याण
ताई, बावीस वर्षं हेच काम करतोय. तुकडा बदलण्यात अडचण अशी की जुन्या जीआयला पाना लावला की एक जोड सुटतो आणि वरचा हलतो. पाइप सगळ्यात पातळ असतो तो आट्यांवर, कारण आटे पाडताना तिथलं लोखंड कापलं जातं आणि जस्ताची कल्हईही निघून जाते. गंज तिथूनच आत शिरतो. म्हणून तुमचे बहुतेक क्लॅम्प सॉकेटच्या (दोन पाइप जोडणाऱ्या तुकड्याच्या) खाली किंवा टीच्या (तीन तोंडांच्या जोडाच्या) तोंडाशी असणार, बघा. आज तिसऱ्या मजल्यावर नवा तुकडा घातला की महिन्याभरात चौथ्यावर मलाच बोलावतात. मजुरी मला मिळते, पण मनाला बरं वाटत नाही.

पंप तर अजिबात बसवू नका. कुजलेल्या लाइनीवर दाब वाढवला तर एकोणीसचे तीस क्लॅम्प होतील.

निवृत्त_पाणीपुरवठा
ताई, वरच्या दादांनी लाखमोलाचं सांगितलं आहे. माझी सगळी नोकरी पाण्याच्या लाइनीवर गेली, त्यात थोडी भर घालतो.

आधी दुखणं कुठे आहे ते पक्कं करा. पहिली अर्धी बादली लाल आणि मग स्वच्छ, याचा अर्थ रात्रभर पाइपात उभं राहिलेलं पाणी गंज घेऊन येतंय. टाकी बहुधा ठीक आहे. दिवसभर गढूळ आलं असतं तर टाकी किंवा बाहेरची लाइन तपासायला सांगितलं असतं. मग नळाला लावायचा साधा प्रेशर गेज आणा. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. नळ बंद असताना गेज टाकीतल्या पाण्याची उंचीच सांगेल, पाइप आतून कितीही बुजलेला असो. त्याच लाइनवरचा दुसरा नळ सोडा आणि काटा बघा. धाडकन खाली आला तर वाट बुजली आहे. हे तुमच्याकडेही करा आणि दुसऱ्या मजल्यावरही. सातव्याला मुळात टाकी जेमतेम चार मीटर वर असते, त्यामुळे तुमची तक्रार सगळ्यांत आधी येणारच. खालच्यांना भरपूर दाब असतो म्हणून दुखणं उशिरा कळतं, आणि सभेत तेच विरोध करतात. त्यांच्या नळावर काटा पडलेला त्यांनाच दाखवा.

आता पाइप. दोन्ही प्लास्टिकचेच प्रकार: बाहेरच्या थंड पाण्याच्या डाउनटेकला यूपीव्हीसी चालतो. घरात गीझरपुढे सीपीव्हीसी हवा, तो ९३ अंशांपर्यंतचं पाणी सोसतो. यूपीव्हीसी गरम पाण्याने वाकतो. गीझरच्या इनलेटला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह आहे ना हेही बघून घ्या, नाहीतर गरम पाणी उलटं लाइनीत येतं.

इथे एक चूक मी फार ठिकाणी पाहिली आहे, म्हणून सविस्तर लिहितो. कंत्राटदार म्हणतो, ‘साहेब, एक इंची होता, एक इंचीच टाकतो.’ पण एक इंची मध्यम जीआयचं आतलं छिद्र सुमारे २७ मिमी असतं, तर एक इंची सीपीव्हीसीचं (एसडीआर ११, म्हणजे पाइपाच्या जाडीचा एक वर्ग) सुमारे २३ मिमी. ऐकायला चारच मिलिमीटर, पण पाण्याची वाट पाव हिश्शाहून जास्त कमी झाली. नवाकोरा पाइप घालूनही वरच्या मजल्याची धार बारीकच राहिली अशा इमारती आहेत. म्हणून कोटेशनमध्ये इंच लिहून घेऊ नका, आतला व्यास मिमीत लिहून घ्या, मजल्यागणिक. वरून खाली येताना डाउनटेक बारीक होत जातो, त्यामुळे सगळ्यात वरचा टप्पा सढळ हाताने धरा.

दुसरं, प्लास्टिकचा पाइप उन्हाने लांब होतो. तुमच्या वीस-एकवीस मीटर उंचीला, वीस अंशांच्या फरकाने, साधारण अडीच सेंटिमीटर. क्लॅम्प करकचून आवळले तर हा ताण टीवर येतो आणि टी तडकते. क्लॅम्प पाइपाला धरतील पण सरकू देतील असे हवेत, मध्ये एखादं वळण द्या. गच्चीवरच्या उघड्या भागाला पाण्यात कालवायचा ॲक्रिलिक रंग लावून घ्या, ऑइलपेंट नको.

आणि एक जिवाची गोष्ट. जुन्या इमारतींत काही वायरमन घराची अर्थिंग सरळ जीआयच्या पाइपाला बांधून मोकळे झालेले असतात. पाइप प्लास्टिकचा झाला की ती अर्थिंग गेली, आणि गीझरला शॉक आल्यावरच ते कळतं. पाना लावायच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून अठ्ठावीसही घरं तपासून घ्या. आगीसाठीची लाइन असेल तर ती लोखंडीच राहू द्या.

बोरिवली_सेक्रेटरी
आम्ही दोन वर्षांपूर्वी हे केलं, सहा मजले, चोवीस घरं. खर्चाचं सांगते. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) बाहेरच्या सामाईक पाण्याच्या लाइनी, पंप, टाक्या आणि ड्रेनेज लाइनींची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते. घराच्या आतलं काम सभासदाचं. आमच्याकडे भांडण झालं ते मधल्या दीड फुटावरून, डाउनटेकच्या टीपासून घरातल्या व्हॉल्व्हपर्यंत. शेवटी ठरावात लिहिलं की घरातल्या पहिल्या व्हॉल्व्हपर्यंत सोसायटी. तुम्हीही हे आधीच लिहून घ्या.

काम करताना एका वेळी एकच लाइन बंद ठेवली. नवा पाइप जुन्याच्या शेजारी वरपासून खालपर्यंत उभा केला, जोड चिकटवायचं सोल्युशन रात्रभर सुकू दिलं, लाइन भरून खालून बंद ठेवून सगळे जोड कोरड्या फडक्याने पुसून पाहिले, आणि मगच घरं एकेक करून नव्या लाइनीला जोडली. त्यामुळे कुठलंही घर चार-पाच तासांपेक्षा जास्त पाण्याशिवाय राहिलं नाही. आजारी माणूस असलेली घरं सकाळी सगळ्यांत आधी घेतली. तुमच्या चौथ्या मजल्यावरच्या आजींचं वाचून हे मुद्दाम लिहिते आहे.

परांची बांधणारच आहात तर सांडपाण्याचे बिडाचे पाइपही त्याच वेळी बघून घ्या. आमच्या पाचव्या मजल्यावर जोडातून पिंपळ फुटला होता. वरून रोप चार पानांचं, आत मुळांचा झुबका मनगटाएवढा. वरचेवर उपटत होतो म्हणून तो आतच वाढला. परांची दुसऱ्यांदा बांधायचा खर्च ऐकून आमचे खजिनदार डोकं धरून बसले होते.

सातवा_मजला_ठाणे
काका, दादा, ताई, तिघांचे मनापासून आभार. काल सभा झाली.

गेज आणला होता. माझ्या नळावर बंद असताना ०.४, शेजारचा नळ सोडल्यावर काटा शून्याला टेकला. दुसऱ्या मजल्यावर बंद असताना १.८, आणि सोडल्यावर ०.३. तिथले काका स्वतः तीनदा नळ उघडून बंद करून बघत होते. शिवाय फुटलेल्या जोडाजवळचा कापलेला तुकडा प्लंबरकडे पडून होता, तो मी मागून आणला. सवा इंची पाइप, आतून काळ्या-लाल फोडांनी भरलेला. मुलाची पेन्सिल त्यातून घासत गेली, बोट गेलं नाही. तो हातोहात फिरला आणि ज्यांच्या हातात जाई त्यांची बोटं लाल होत होती. सहाव्या मजल्यावरचे आजोबा तुकडे बदलण्याच्या बाजूने होते. ते खिडकीशी गेले, पाइप डोळ्याला लावून पाहिला आणि म्हणाले, ‘हे पाणी मी नातवाला पाजतोय?’

बाराही लाइनी बदलायचा ठराव मंजूर झाला. खर्च दुरुस्ती निधीतून, कमी पडेल तेवढी वर्गणी. पहिल्या व्हॉल्व्हपर्यंतचं वाक्य ठरावात घातलं. कोटेशनं आतल्या व्यासाने मागवली आहेत. तीन कंत्राटदारांपैकी एकाने विचारलं, ‘असं कोण मागतं?’

अर्थिंगचं मात्र काकांनी सांगितलं म्हणून वाचलो. आज इलेक्ट्रिशियनने अकरा घरं तपासली. तीन घरांत हिरवी वायर पाइपाला गुंडाळलेली सापडली, त्यातलं एक घर माझंच. सतरा घरं राहिलीत, ती उद्या-परवा. ही सगळी घरं नीट झाल्याशिवाय एकाही लाइनीला पाना लावायचा नाही, असं नोटीस बोर्डावर लिहून आले आहे.