४०६० आणि फिका स्क्रीन, की ४०५० आणि चांगला स्क्रीन?

प्रश्न
दोन मधल्या किमतीच्या लॅपटॉपवर येऊन अडलंय. पहिला: आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड (८ जीबी व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी), इंटेल एच सिरीज, १६ जीबी रॅमची एकच स्टिक (दुसरा स्लॉट रिकामा), १४४ हर्ट्‌झ स्क्रीन, पण रंग दाखवण्याची क्षमता ४५ टक्के एनटीएससी. दुसरा: आरटीएक्स ४०५० (६ जीबी), रायझन, ८+८ रॅम, १०० टक्के एसआरजीबी (नेहमीच्या स्क्रीनसाठीचा प्रमाण रंगसंच) स्क्रीन. काम: मिररलेस कॅमेऱ्याचं ४के, १०-बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती ठेवणारं) एचईव्हीसी फुटेज दाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओमध्ये एडिट करणं, थोडं ब्लेंडर (थ्रीडी), आणि १०८०पी गेम. कोणता घ्यावा?

रंगरेषा
कलर ग्रेडिंग (व्हिडिओचे रंग जुळवणं) करणार असाल तर पहिल्याचा स्क्रीन घातक आहे. ४५ टक्के एनटीएससी म्हणजे एसआरजीबीचा जेमतेम दोन तृतीयांश भाग. लाल आणि हिरवा रंग फिके दिसतात, म्हणून आपण सॅच्युरेशन वाढवतो, आणि तोच व्हिडिओ चांगल्या मोबाइलवर भडक दिसतो, चेहरे नारिंगी होतात. कॅलिब्रेशननेही हे सुटत नाही, कारण जो रंग पॅनेल दाखवूच शकत नाही तो प्रोफाइल कुठून आणणार? माझं मत दुसऱ्याला.

टाइमलाइन
स्क्रीनबद्दल सहमत, पण तुमचं फुटेज ४:२:२ आहे, तेच इथे निर्णायक ठरेल. ४० सिरीजची एनव्हिडिया कार्डं (४०५०, ४०६० दोन्ही) ४:२:२ हार्डवेअरवर डीकोड करत नाहीत, म्हणजे दाबून साठवलेला व्हिडिओ स्वतः उलगडत नाहीत. ते ५० सिरीजपासून सुरू झालं. रायझनच्या ग्राफिक्सलाही ते जमत नाही. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनचं क्विक सिंक (इंटेलच्या ग्राफिक्समधला व्हिडिओ उलगडणारा भाग) मात्र एचईव्हीसी ४:२:२ सहज चालवतं. म्हणजे दुसऱ्या लॅपटॉपवर सगळा भार सीपीयूवर पडेल, टाइमलाइन अडखळेल आणि प्रत्येक वेळी प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती) बनवाव्या लागतील. प्रॉक्सीत गैर काही नाही, डीएनएक्सएचआर एलबी या फॉरमॅटमध्ये अर्ध्या रिझोल्यूशनवर बनवल्या की काम मस्त चालतं, पण वेळ आणि डिस्क दोन्ही जातात.

पहिला घेतलात तर एक खाच लक्षात ठेवा. गेमसाठी मक्स स्विच (स्क्रीन कोणत्या ग्राफिक्सला जोडायचा ते ठरवणारा) ‘फक्त डिस्क्रीट’वर, म्हणजे फक्त एनव्हिडियावर टाकला की बऱ्याच लॅपटॉपमध्ये इंटेलचं ग्राफिक्स बंद होतं आणि त्याबरोबर क्विक सिंकही. मग रिझॉल्व्ह एकाएकी संथ का झालं ते कळत नाही. एडिटिंगआधी हायब्रिड मोडवर (दोन्ही ग्राफिक्स चालू) या, रीस्टार्ट करा, आणि प्रेफरन्सेसमधल्या डीकोड ऑप्शन्समध्ये क्विक सिंकवर खूण आहे ना ते बघा.

प्रश्नकर्ता
म्हणजे पहिला घेऊन नंतर मॉनिटर जोडावा? आणि ब्लेंडरला ६ जीबी खरंच कमी पडतील?

रेंडरवाला
होय, पहिलाच. रॅम, एसएसडी, मॉनिटर नंतर बदलता येतात, व्हीरॅम नाही. ४०९६ × ४०९६ चं एक साधं ८-बिट टेक्सचर (वस्तूच्या पृष्ठभागावर चढवलेलं चित्र) ६४ एमबी खातं, आणि एका मटेरियलला अशी तीन-चार लागतात. त्यावर भूमिती आणि विंडोजचा स्वतःचा वाटा. व्हीरॅम भरलं की एकतर रेंडर थांबतं, नाहीतर डेटा साध्या रॅममध्ये सांडून वेग कोसळतो. अडलंच तर ब्लेंडरच्या सिम्प्लिफाय सेटिंगमध्ये टेक्सचर लिमिट २०४८ करा: तेच टेक्सचर १६ एमबीवर येतं आणि लांबच्या वस्तूंत फरक कळतही नाही.

पण घेण्याआधी त्या ४०६०चे वॅट बघा. हे कार्ड लॅपटॉपमध्ये ३५ पासून ११५ वॅटपर्यंत दिलं जातं आणि खोक्यावर नाव एकच असतं. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल, सिस्टिम इन्फर्मेशन, तिथे मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर. ६० च्या आसपास असेल तर सोडा, चांगल्या वॅटचं ४०५० त्याच्या बरोबरीला येतं. १०० च्या पुढे मात्र फारसं काही हाती लागत नाही, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

एकच रॅम स्टिक म्हणजे बँडविड्थ निम्मी. गेममध्ये सरासरी एफपीएसपेक्षा मधले झटके जास्त जाणवतात. त्याच क्षमतेची, त्याच वेगाची दुसरी स्टिक पहिल्याच दिवशी टाका, ३२ जीबी रिझॉल्व्हलाही लागतीलच.

रंगरेषा
४:२:२ कडे माझं लक्ष गेलं नव्हतं, मत बदलतो. मॉनिटर येईपर्यंत अंतिम ग्रेड लॅपटॉपच्या स्क्रीनवर करू नका. सॅच्युरेशन व्हेक्टरस्कोपवर (रिझॉल्व्हमधला रंग मोजून दाखवणारा आलेख) बघा आणि त्वचेचा रंग स्किन टोन रेषेजवळ ठेवा. स्कोपला पॅनेल कसं आहे याने काही फरक पडत नाही. मॉनिटर घेताना १०० टक्के एसआरजीबी आणि आयपीएस एवढं पुरे. एचडीएमआय पोर्ट थेट एनव्हिडियाला जोडलेला आहे का तेही विचारून घ्या, मग गेम त्याच मॉनिटरवर मक्स न बदलता पूर्ण वेगात चालतील.